कातिबाची लेखणी आणि संगणक

शायरी करणारा मुलगा कल्पक आणि संगणक शिकणारा मुलगा हुशार, अशी एक वाटणी आपल्या समाजात कधीचीच होऊन गेली आहे. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. बी.एड. करताना ‘सर्जनशीलता’ हा शब्द आम्हाला भेटला तो निबंध, चित्रकला आणि नाट्यछटेच्या पाठात. संगणकाच्या पाठात त्याच्या भागांची नावे तेवढी होती. आजही पालक विचारतात ते एवढेच, की मुलाला टायपिंग येईल ना? सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यालाही कल्पनाशक्ती लागते, हे सांगितले तर लोक हसतात.

ही समजूत किती खोटी आहे, याचा पुरावा आपल्या लिपीतच आहे. मराठीची अक्षरे शिरोरेघेखाली एका ओळीत उभी राहतात. उर्दूची नस्तालीक लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत जाते. एकाच ‘बे’चे रूप शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलते आणि नुक्त्यांनाही जागा शोधून द्यावी लागते. छापखान्याच्या खिळ्यांना ही उतरण नीट साधली नाही. म्हणून मराठी दैनिके खिळे जुळवून निघत होती, त्या काळातही उर्दू दैनिकाची ओळ न ओळ कातिब हाताने लिहीत असे आणि मग पान छापले जाई.

संगणक आला तेव्हा खरा प्रश्न यंत्राच्या वेगाचा नव्हता. लिपीचा घटक कोणता मानायचा, हा होता. सरळ उत्तर होते, अक्षर. मूळचे दिल्लीचे आणि पुढे कराचीत स्थायिक झालेले मिर्झा अहमद जमील यांनी ते उत्तर बाजूला ठेवले. चिनी लिपीची हजारो चिन्हे यंत्रात साठवता येतात, मग उर्दूतले जोड का येणार नाहीत, असा विचार त्यांनी केला. ‘किताब’ या शब्दात उर्दूची चार अक्षरे आहेत. पण अलिफ पुढच्या अक्षराशी जुळत नाही, त्यामुळे लिहिताना त्याचे तुकडे दोनच पडतात, ‘किता’ आणि ‘बे’. असा एकसंध तुकडा म्हणजे तरसीमा. जमील साहेबांनी असे सुमारे २० हजार तरसीमे लिहून काढले. मोनोटाइप कंपनीच्या यंत्रावर ‘नूरी नस्तालीक’ उभे राहिले आणि १९८१ मध्ये लाहोरहून दैनिक ‘जंग’ त्यात निघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ आणले आणि तीच लिपी साध्या संगणकावर आली. कित्येक कातिबांची रोजी त्यात गेली, हेही विसरता येत नाही. पण यंत्राला वळण शिकवले ते एका खुशनवीसाच्याच हाताने.

पुढे आपल्या पुण्यातल्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानात कल्पनेने दुसरी वाट धरली. देवनागरी, बंगाली, तमिळ दिसायला वेगळ्या. पण त्यांच्या वर्णमालेचा साचा एकच. मग सगळ्यांना एकच कळफलक का नको? त्यातून इनस्क्रिप्ट आले. ‘क’ची कळ तीच, लिपी कोणतीही असो. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. उर्दू लिपी त्या घराण्यातली नाही, म्हणून या सुंदर मांडणीत ती मावली नाही. तिची सोय वेगळी करावी लागली. चांगल्या कल्पनेलाही सीमा असते, ती अशी.

इनपेजलाही सीमा होती. त्यातला मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ वाचता येत नसे. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे वेबसाइटवर पानांची चित्रे टाकत आणि चित्रात शब्द शोधता येत नाही. युनिकोडने हा गुंता सोडवला. साठवायचे ते अक्षर. त्याचे रूप ठरवायचे फॉन्टने. पुढे २०१७ मध्ये आयफोनवरही उर्दू नस्तालीकमध्ये दिसू लागली.

हे सगळे आम्ही का सांगत आहोत? कारण ज्याची कल्पना करणाऱ्याला येत नाही, त्याला यंत्रात जागा मिळत नाही. आमच्या शाळेत याचा अनुभव दर वर्षी येतो. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. त्यात तीन रकाने असतात: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आपल्या विदर्भात ‘शेख रशीद शेख गफूर’ असे नाव असते. शेख पुढेही आणि मधेही. आता आडनाव कोणते लिहायचे? त्याच्या बहिणीचे नाव ‘अंजुम परवीन’, म्हणून अर्जात ‘परवीन’ हे आडनाव होते. सख्खी भावंडे, पण कागदावर दोन घराण्यांची! मग आधारशी नाव जुळत नाही, अर्ज परत येतो, बाप मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे घालतो. अर्ज करणाऱ्या अभियंत्याच्या मनात वाईट काही नसावे. त्याच्या डोळ्यांपुढे असे घर कधी आलेच नसावे.

यंदा आम्ही सातवीच्या मुलांना कागदावर या अर्जाचा नवा नमुना करायला सांगितले. संगणकाला हातही लावायचा नव्हता. एका मुलीने तीनऐवजी एकच लांब रकाना काढला. वर लिहिले, ‘तुमचे पूर्ण नाव, तुम्ही लिहिता तसे’. खाली दुसरा, ‘आधारवर असेल तसे’. दुसऱ्या एका मुलाने प्रत्येक रकान्यासमोर उर्दूत लिहायची जागा ठेवली आणि ती उजवीकडून सुरू केली. ही मुले घरी उर्दू-हिंदी बोलतात, बाजारात मराठी ऐकतात आणि दोन्ही दिशांनी लिहितात. जे आपण त्यांचे ओझे समजतो, तीच त्यांची पुंजी आहे.

आज यंत्र स्वतःच प्रोग्राम लिहून देऊ लागले आहे. पण कोणाची अडचण सोडवायची, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आपल्या मुलांना टायपिंग जरूर शिकवा. त्याबरोबर ‘हा रकाना असाच का?’ असे विचारायलाही शिकवा. ज्या घरात अंजुम परवीनचा अर्ज परत आला, त्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुढचा अर्ज तयार करणाऱ्यांच्या टेबलावर बसलेली आम्हाला पाहायची आहे.