पॅकेज घेण्याआधी

मोरिवली, अंबरनाथ
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. सोनू,


पार्लरच्या दरपत्रकाचा फोटो मिळाला. डावीकडे ‘स्किन लाइटनिंग’, उजवीकडे ‘स्किन ब्रायटनिंग’, खाली प्री-ब्रायडल पॅकेज, आणि त्याखाली तुझा प्रश्न : आत्या, यातलं कुठलं घेऊ? फोनवर बोलले असते तर तू ‘हो हो’ म्हणाली असतीस आणि मधेच तुझ्या आईने फोन ओढून घेतला असता. म्हणून बसून लिहिते आहे.

पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, लाइटनिंग म्हणजे रंग उतरवणं आणि ब्रायटनिंग म्हणजे नुसता तजेला. ऐकायला सुटसुटीत आहे. पण आम्ही लॅबमधली माणसं ड्रमवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून माल आत घेत नाही, नमुना काढतो. नावाचं काय, ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आली, जवळजवळ माझ्याच वयाची. 2020 मध्ये तिची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. गोरेपणाची भाषा कंपन्यांना अडचणीची झाली, तशी सगळीकडे पाट्या बदलल्या. म्हणून दरपत्रक बाजूला ठेव आणि त्यांना एवढंच विचार, की बाटलीत काय आहे.

रंगाचं गणित असं आहे. कातडीत मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी तुझ्यात आणि एखाद्या स्वीडिश बाईत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या किती रंगद्रव्य बनवतात आणि ते कसं वाटतात यात. बनवण्याच्या कामात टायरोसिनेज नावाचं एंझाइम लागतं. कोजिक आम्ल, अझेलेइक आम्ल आणि हायड्रोक्विनोन त्याच्याच कामात अडथळा आणतात. नायसिनामाइड तयार झालेला रंग वरच्या पेशींपर्यंत पोचू देत नाही. ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्ल वरचा मेलेला थर काढतं, त्यामुळे उजेड नीट परावर्तित होतो आणि चेहरा ताजा दिसतो. आणि लावल्या लावल्या जो ‘ग्लो’ येतो तो बहुतेक वेळा अभ्रकाचा आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे आपल्या रंगाच्या डब्यातल्याच पांढऱ्या भुकटीचा. तोंड धुतलं की गेला. ब्लीचने तर कातडी उजळतच नाही, चेहऱ्यावरची लव पिवळट होते. आता यातलं काय लाइटनिंग आणि काय ब्रायटनिंग? दोन्ही पॅकेजांत एकच बाटली निघाली तरी मला नवल वाटणार नाही.

हायड्रोक्विनोन मी चांगलं ओळखते. एमआयडीसीत रेझिनच्या कामात ते लागतं, मोनोमर साठवणीत आपोआप घट्ट होऊ नये म्हणून चिमूटभर घालतात. पांढरे बारीक स्फटिक, हवा लागली की तपकिरी पडतात. हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय आमच्याकडे त्या ड्रमचं झाकण कोणी उघडत नाही. त्वचेचे डॉक्टर तेच 2 ते 4 टक्क्यांत, ठरावीक महिने, फक्त डागावर लावायला देतात आणि ते योग्यच आहे, वांगावर ते जुनं, पारखलेलं औषध आहे. पण कोणाच्या देखरेखीशिवाय वर्षानुवर्षं चोळलं तर उलट निळसर-काळे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत. याच्याच एका भावंडाची गोष्ट तर कारखान्यातलीच आहे. 1939 मध्ये अमेरिकेतल्या चामड्याच्या कारखान्यात रबरी मोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांचा रंग जायला लागला. मोज्याच्या रबरात हायड्रोक्विनोनचाच एक मोनोबेंझिल प्रकार निघाला. जपानमध्ये 2013 साली कानेबो कंपनीला रोडोडेन्ड्रॉल घातलेली आपली उजळवणारी क्रीमं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण सुमारे 20 हजार लोकांच्या अंगावर पांढरे चट्टे उठले. ती काही फुटपाथवरची क्रीमं नव्हती, रीतसर मान्यता घेतलेली होती.

आता पारा. हे नीट वाच आणि आईलाही वाचून दाखव. पारासुद्धा टायरोसिनेजच बंद पाडतो, आणि फार झटपट. म्हणून आठ-दहा दिवसांत उजळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या डब्यांत तो घालतात. आपल्याकडच्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांत डोळ्यांची प्रसाधनं सोडून बाकी कशातही चुकून आलेला पारा दहा लाख भागांत 1 भागाच्या वर चालत नाही, म्हणजे टनभर क्रीममध्ये एक ग्रॅम. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, आठवते? बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघी एकच क्रीम लावत होत्या. रंग उजळला, चारचौघांनी कौतुक केलं, आणि काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज. मुंबईच्या केईएममध्ये डॉक्टरांनी क्रीम तपासायला पाठवलं तेव्हा त्यात मर्यादेच्या हजारो पट पारा निघाला. केरळात मलप्पुरमकडच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 15 रुग्ण सापडले, त्यातले 13 जण गोरं करणारी क्रीमं वापरत होते. कातडी काही दार बंद करून बसलेली नसते गं, लावलेलं आत जातं.

घरी पारा तपासता येत नाही. पण डबा बोलतो. कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही किंवा आहे ती वाचता न येणाऱ्या परक्या लिपीत, तर तो उचलायचा नाही. यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरिकपासून सुरू होणारं काही दिसलं तर संपलंच. आणि एक गंमत, अशा काही डब्यांवर ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असते. पारा सोन्याला धरतो म्हणून. नवरीने लावायच्या क्रीमवर ही सूचना!

तुझ्या आईची ती मेडिकलमधून आणलेली ट्यूब मी दिवाळीत हातात घेऊन पाहिली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, तिन्ही एकत्र. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा लोण्यासारखा होतो म्हणूनच बायका एकमेकींना नाव सांगतात. पुढे कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते. मग परत तीच ट्यूब. देशभर हे इतकं वाढलं की 2018 मध्ये सरकारने कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ‘वहिनी, ही घ्या’ चालूच आहे. ती ट्यूब एकदम बंद करायला सांगू नकोस, भडका उडेल. डॉक्टरांना दाखवून कमी करायची आहे.

ग्लुटाथिओनच्या सलाइनबद्दल तू विचारलंस. ‘सेलिब्रिटी ड्रिप’ म्हणे. गोरं करण्यासाठी शिरेतून द्यायला त्याला आपल्याकडे मान्यता नाही. विषय संपला.

आता तुझं बघू. दंडाची आतली बाजू उन्हाला कधी लागत नाही, तो तुझा रंग. त्याच्यापेक्षा चेहरा काळवंडला असेल तर तेवढा फरक भरून निघू शकतो. त्याच्या पलीकडे जायचं आश्वासन देणारा एकतर खोटं बोलतोय किंवा विष विकतोय. ही एक खूण धर, पॅकेजचं नाव काही का असेना. तुझ्या गालावर जे आहे ते माझ्या मते वांग आहे, दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं. रोज दुपारच्या उन्हात स्कूटी, आणि ओढणी बांधली की झालं असं तू समजतेस. वांगाला ऊन लागतंच, पण साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो, म्हणून आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन घे, एसपीएफ 30 च्या वरचं. बोटभर घ्यायचं, वाटाण्याएवढं नव्हे. बाहेर असलीस तर दर दोन-तीन तासांनी परत. हे न करता दुसरं काहीही केलंस तरी डाग महिन्याभरात परत येतील. मानेवरचं काळं मात्र वेगळं. तिथली कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते का बघ. तसं असेल तर घासू नकोस, साखर तपासून घे. ते बरेचदा इन्शुलिनचं दुखणं असतं आणि त्यावर कुठलंच पॅकेज चालत नाही.

तर दोन्हीतलं काहीच घेऊ नकोस. पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ असलेला नको, एम.डी. स्किन असलेला डॉक्टर गाठ. लग्न फाल्गुनात आहे, तीन-साडेतीन महिने पुरेसे आहेत. पील सुचवलं तर ते आत्ताच व्हायला हवं. आपल्या कातडीला जरा जास्त पोळलं तर डाग पडतो, म्हणून शेवटच्या महिन्यात नवीन काहीही लावायचं नाही, पार्लरमधलंही नाही. फेशियल करायचंच असेल तर साधं, मॉइश्चरायझरचं. मेकअपवाली रंग दोन शेड उजळ करेल तेव्हा तिला दंड दाखव.

आणि सासूबाई ‘मुलगी सावळी आहे पण नाकीडोळी नीटस’ म्हणाल्या, हे आईने मला तीनदा सांगितलं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने त्यावर काय म्हटलं ते कोणीच सांगितलं नाही. गप्प बसला असेल तर मला क्रीमपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. एकदा बोलून घे.

शनिवारी मला दुसरी पाळी आहे, त्यामुळे सकाळ मोकळी. साडेनऊच्या लोकलने अंबरनाथला उतर, मी स्टेशनवर येते, मिळून डॉक्टरकडे जाऊ. घरातल्या सगळ्या ट्यूबा, डबे, आईची ती पण, एका पिशवीत भरून आण. आईला मी मागवल्यात असं सांग. चिडेल, पण देईल.

तुझी,
आत्या