दोष यंत्राचा की खोलीचा?

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरात सामान बेताचेच असते. बदलीच्या वेळी ट्रकचे भाडे वाढू नये, म्हणून आपण मोठी कपाटे घेत नाही, जाड गालिचे अंथरीत नाही. या सुटसुटीतपणाची किंमत गाणे ऐकताना मोजावी लागते, हे रामकृष्णपुरमच्या क्वार्टरमध्ये राहावयास आल्यावर माझ्या ध्यानात आले.

माझ्याजवळ एक जुना ॲम्प्लिफायर व दोन स्पीकर आहेत. त्यांवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो. पण अधिक जपून ऐकतो तो वडिलांनी म्हटलेला हरिपाठ. वडील आता नाहीत. एका कॅसेटवर त्यांचा आवाज तेवढा उरला आहे. नव्या खोलीत तो विहिरीतून यावा तसा घुमू लागला. एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर चढू लागले. लजपतराय मार्केटातील एका दुकानदाराने अधिक शक्तीचे स्पीकर सुचविले. किंमत जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी! शिवाय, आवाज दुप्पट मोठा वाटावयास शक्ती सुमारे दहापट लागते. आणि माझी तक्रार आवाज लहान असल्याची नव्हतीच.

मी मनाशी म्हटले, यंत्र तेच, कॅसेट तीच. बदलली आहे ती खोली.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकापुढे असाच प्रश्न होता. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक घुमत राही. सॅबाइनने सँडर्स नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या रात्री आणवल्या, ऑर्गनची नळी वाजविली आणि वेळ मोजली. गाद्या वाढतील तसा घुमारा कमी होई. दालनातील ध्वनीचे शास्त्र या खटाटोपातून उभे राहिले.

माझ्याजवळ आईने शिवलेल्या दोन गोधड्या होत्या. एक स्पीकरसमोरच्या भिंतीवर टांगली, दुसरी फरशीवर अंथरली. गोधडी वरचे स्वर शोषते. खर्ज मात्र तिला जुमानत नाही. माझी खोली साडेतीन मीटर लांब. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. त्या हिशेबाने ५० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज या लांबीत अडकून फुगतो. कोपरा त्यास आणखी फुगवितो. म्हणून स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले, कानाच्या उंचीवर ठेवले आणि दोन स्पीकर व माझी खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला. दोन्हींच्या तारा सारख्याच जोडल्या आहेत, हेही पाहून घेतले. एकीची जोडणी उलट असल्यास दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खोडून टाकतात.

यंत्र खरोखरच बिघडले असेल, तर ते बदलावेच. परंतु आधी खोलीची चौकशी व्हावी. माझा खर्च झाला तो थोड्या दोरीचा आणि एका रविवारचा.

वडील हरिपाठ सावकाश म्हणत. दोन चरणांमध्ये ते घेत असलेला श्वास आता ऐकू येतो. पत्नीने तो ऐकला आणि म्हणाली, “अहो, आता पुस्तकांचे एक कपाटही घेऊ या. बदली होईल तेव्हा भाड्याचे पाहू.”