परगावी लागणारं नाव

साताऱ्याकडच्या एखाद्या गावात जाऊन नुसतं ‘जाधवांचं घर कुठं?’ असं विचारून बघा. पारावरची माणसं आधी एकमेकांकडं बघतील, मग उलट विचारतील, ‘कुठलं जाधव? मळ्यातलं का वाड्यातलं?’ निम्मं गावच जाधव असेल, तर तिथं आडनावाचा उपयोग शून्य. भावकीत माणूस ओळखतात तो आळीवरून, आज्याच्या नावावरून, नाहीतर चारचौघांत न सांगण्याजोग्या एखाद्या टोपणनावावरून. आडनाव लागतं ते परगावी.

‘कर’वाली आडनावं तर उघडच वेशीबाहेरची. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्यात कुणाला माडगूळकर म्हणून काय कळणार? गावात ते कुलकर्णी. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर ही नावं बाहेरच्या जगासाठी. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. राज्य केलं फलटणला, पण नावात राहिलं शेजारचं निंबळक.

हॉलंडात नेपोलियननं १८११ साली फर्मान काढून सगळ्यांना आडनावाची नोंद सक्तीची केली. तिथला ‘फान डाइक’ म्हणजे बांधाकडचा; आपल्याकडं असता तर बांधावरचाच म्हणाले असते. आपल्याला मात्र फर्मान लागलं नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दाखल्यावर जे लिहिलं, ते पुढच्या पिढ्यांना पुरलं.

हुद्द्यांची गंमत आणखी वेगळी. किन्हईच्या परशुराम त्रिंबक कुलकर्ण्यांना छत्रपतींकडून प्रतिनिधिपद मिळालं. पुढं त्यांच्या घराण्याचं औंध संस्थान विलीन झालं, पद इतिहासजमा झालं. घराणं पंतप्रतिनिधीच राहिलं. पाटलांचंही तेच. वतनी पाटीलकी १९६० नंतर कायद्यानं संपली, पण सांगली-साताऱ्यात पाटील काही कमी झाले नाहीत! येडेमच्छिंद्रचे नाना रामचंद्र पिसाळ प्रतिसरकारचे पुढारी म्हणून गाजले ते क्रांतिसिंह नाना पाटील या नावानं. राजसत्तेला हादरवणाऱ्या माणसाच्या नावातही गावच्या सत्तेचा हुद्दा आहेच. मला तरी आडनावांवरून अभिमानानं फुगणारी माणसं म्हणूनच जरा विनोदी वाटतात. आडनाव म्हणजे पुष्कळदा गेलेली नोकरी, नाहीतर सुटलेलं गाव.

तुम्हीही पाटील, इनामदार, देशमुख असाल, तर घरातल्या थोरल्या माणसाला एकदा विचारून ठेवा : त्याआधी आपण कोण? लग्न ठरताना देवक विचारतात, तेव्हा हे जुनं आडनाव कधीकधी निघतं. पण तोवर थांबू नका. सांगणारी माणसं थोडी उरली आहेत.