बाबांचा स्टेंट, माझा रिमाइंडर
बिडकीनहून पैठण रोडने बाबांना संभाजीनगरला आणलं, तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पित्तनलिकेत खडा! डॉक्टर म्हणाले, ‘ईआरसीपी करू.’

घाबरू नका, प्रकार असा: सहा-आठ तास उपाशी राहायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायचं. मग झोपेचं इंजेक्शन, तोंडातून लहान आतड्यापर्यंत दुर्बीण, डाय सोडून एक्स-रे आणि खडा बाहेर. पोटावर टाका नाही. नंतर घसा थोडा खवखवतो. पण पोटात जोराची कळ, ताप, उलट्या किंवा काळी शौच झाली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. स्वादुपिंडाला सूज किंवा रक्तस्राव असू शकतो.

बाबांना प्लॅस्टिकचा स्टेंट बसवलाय. बरं वाटलं की तो विसरतो आणि तुंबला की पुन्हा कावीळ, ताप. म्हणून तीन महिन्यांच्या आतली तो काढायची तारीख माझ्या मोबाइलमध्ये आहे. तुम्हीही टाकून ठेवा.