मालवणला गेलात, तर शिरवाळे मागा!

दोस्तांनो, सुट्टीत मालवणला गेलात की सिंधुदुर्ग किल्ला तुम्ही बघणारच. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग होडीतून जाऊन पाहून आलात, की पोटात कावळे ओरडणारच!

मग हॉटेलात शिरायचं. मेनूकार्डावर काय दिसतं? मासळीचं ताट, सोलकढी आणि हो, नूडल्ससुद्धा! पण इथल्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या तांदळाच्या शेवया, म्हणजे शिरवाळे, मात्र क्वचितच सापडतात.

ते करतात कसे? तांदळाच्या पिठाची उकड काढून मळायची. तिचे मुटके उकळत्या पाण्यात सोडायचे. शिजून वर तरंगू लागले, की गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. एकाने जोर लावायचा, दुसऱ्याने खाली ताटली फिरवायची. मुटका गार झाला, तर फसलंच सगळं! मग हे पांढरेशुभ्र शिरवाळे गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचे. अहाहा!

हॉटेलवाले म्हणतील, ‘एवढी खटपट कोण करणार?’ अहो, केरळातलं इडिअप्पम हे याचंच भावंड. तिथे पीठ आधी दाबतात आणि मग वाफवतात, इतकंच. तिथल्या हॉटेलांत ते नाश्त्याला सर्रास मिळतं. मग शिरवाळ्यांनीच कुणाचं घोडं मारलंय?

गिऱ्हाईक मागेल तेच हॉटेलात शिजतं. साचे माळ्यावर धूळ खात पडले, तर ते चालवणारे हातही एक दिवस सारं विसरतील. तेव्हा मेनूकार्ड मिटा आणि खुशाल विचारा, ‘काका, शिरवाळे आहेत का?’