मावशी, परत कधी येणार?

"अगं, तू मासिकात लिहितेस ना? मग हा फॉर्मही भरून दे," म्हणत मावशीने माझ्यापुढे पासपोर्ट ठेवला. ही २०२३ च्या दिवाळीची गोष्ट. सुट्टीत मी राजाजीनगरला तिच्याकडे गेले होते. काका जाऊन काहीच महिने झाले होते आणि अमेरिकेतल्या दादाने फोनवर एकच धोशा लावला होता, "आई, एकटी राहू नकोस, इकडे ये."

'इकडे ये' एवढेच शब्द. पण व्हिसाच्या भाषेत त्यांचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात, हे मला फॉर्म उघडल्यावर उमगले.

भेटीला जायचे तर बी-२ व्हिसा. त्यासाठी डीएस-१६० हा अर्ज, १८५ डॉलर फी, बोटांचे ठसे आणि मुलाखत. कायमचे राहायला जायचे तर रस्ताच निराळा. दादा एच-१बी वर गेला होता, आता तिथला नागरिक आहे. (वहिनी एच-४ वर गेली. अशा काही बायकांना नोकरीची परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून. तोवर तिची पदवी कपाटातच!) एकवीस वर्षांवरचा नागरिक आईवडिलांसाठी आय-१३० अर्ज करू शकतो आणि आईवडिलांना दरवर्षीच्या ठरावीक संख्येची अट नसते. भावंडांची रांग मात्र पंधरा वर्षांहून लांब.

"मग ग्रीन कार्डच घेऊ की! मनात येईल तेव्हा जायचं, यायचं," मावशी म्हणाली.

तसे नसते. ग्रीन कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी असते. आधी परवानगी न घेता वर्षभराहून जास्त बाहेर राहिले, तर ते गमावण्याची वेळ येते. मी हे सांगितले आणि मावशी गप्प झाली. तिचे स्वतःचे घर, रोज सकाळी शेजारच्या कन्नड मैत्रिणीबरोबर राममंदिरापर्यंतची फेरी, हे सगळे सोडायचे?

ओळखीच्या एका एजंटाने तर सोपा उपाय सुचवला. "व्हिजिटर म्हणून पाठवा, तिकडे गेल्यावर बघू. फॉर्मवर कोण खरं लिहितं?" मला धसकाच बसला. भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच राहायला निघाला आहे, असे अमेरिकेचा कायदा धरूनच चालतो. तसे नाही, हे आपण पटवायचे. मुलाने कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला असेल, तर तेही फॉर्मवर विचारतात. खोटे उघडकीस आले, तर दार कायमचे बंद होऊ शकते.

तीन दिवस फॉर्म तसाच पडून होता. शेवटी मी दादाला फोन लावला. तो चिडलाच. "तिला एकटीला तिथे ठेवू म्हणतेस?"

मावशीने फोन माझ्या हातातून घेतला. "मला कुठे राहायचंय, हे तू मला कधी विचारलंस का रे?"

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. त्या संध्याकाळी आम्ही बी-२ चा फॉर्म भरला.

मुलाखतीची तारीख मिळाली ती थेट २०२४ च्या नोव्हेंबरातली, चेन्नईची. आदल्या दिवशी ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी जेमिनी पुलाजवळच्या वकिलातीत मुलाखत. मी घराच्या कागदांची फाईल बरोबर दिली होती, ती कुणी उघडलीसुद्धा नाही. परत कधी येणार, एवढे मात्र विचारले. "पाडव्याला. गुढी मीच उभारते," मावशीने सांगितले.

पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का बघून ती हरखली. दहा वर्षे राहायची मुभा नव्हे, हे मला समजवावे लागले. प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचे, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने.

ती तिकडे असतानाच, १७ जानेवारी २०२५ ला, बंगळूरमध्ये अमेरिकी वकिलातीचे उद्घाटन झाले. व्हिसाचे काम काही त्याबरोबर सुरू झाले नाही. तरी मावशीचा फोन आलाच, "दोन महिने आधी उघडली असती, तर आपली चेन्नईची खेप वाचली असती!"

पाडव्याच्या दोन दिवस आधी ती राजाजीनगरला परतली. दादाने आय-१३० अजून भरलेला नाही. पण दर रविवारी तो आता तिला विचारतो, "आई, तुझं काय ठरलं?"