दिवेलागणीची वेळ

बोटीचा प्रवास म्हटला की आमच्या पिढीच्या कोकणी माणसाला आधी वास येतो. भाऊच्या धक्क्यावरच्या सुक्या मासळीचा वास, इंजिनाच्या तेलाचा वास, आणि बोट खुल्या समुद्राला लागली की चोहोकडून सुरू होणारा तो तिसरा वास, ज्याचे नाव दिवाळीच्या अंकात घेऊ नये. मे महिन्यात आम्ही भावंडे डेकवर वळकट्या टाकून विजयदुर्गपर्यंत जात असू. ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या करंड्या, कोणाच्या तरी कोंबड्या, आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून हिरवीपिवळी पडलेली माझी थोरली बहीण, आक्का. बोट बंदरात लागत नसेच. मधेच उभी राही आणि पडावात उतरायचे. खलाशी मुलांना बोचक्यासारखे झेलत.

त्याच आक्काबरोबर, तिच्या शहात्तराव्या आणि माझ्या अडुसष्टाव्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये मी नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत बोटीने जाऊन आले. तिचा मुलगा हॅम्बुर्गला असतो. त्यानेच सगळे ठरवले आणि पैसे भरले. "मावशी, तू बरोबर असशील तरच आई येईल," असे त्याने मला फोनवर सांगितले आणि का, ते सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

भावोजी २०२२ साली गेले. ते गेले तिन्हीसांजेला. तेव्हापासून आक्का संध्याकाळी घरात थांबत नाही. देवापाशी दिवा लावते आणि पायांत चपला घालून आमच्याकडे येते. पावसात, थंडीत, पाहुणे असले तरी येते. साडेआठला परत जाते, आणि मग रात्रभर घरातले सगळे दिवे जळत असतात. विजेचे बिल पाहून तिच्या सुनेने एकदा काही विचारले होते. पुन्हा विचारले नाही.

बोटीचे वर्णन करायला घेतले तर हा अंक पुरायचा नाही. अडीच हजार उतारू, चौदा मजले, वर-खाली करायला काचेच्या लिफ्ट. पहाटे सहापासून रात्री दोनपर्यंत कुठे ना कुठे पंगत चालूच. पहिले दोन दिवस मी प्रत्येक पंगतीला हजेरी लावली, हे आपले घरचेच लोक म्हणून सांगते. चाळीस वर्षे दोन्ही वेळचा स्वयंपाक केलेल्या बाईला, पुढ्यात आलेले ताट कोणी घासायचे याचा विचार करायचा नाही, हे जमायला वेळ लागतो. आक्काला ते जमलेच नाही. ती जेवण झाले की बशा एकात एक रचून ठेवी, आणि वाढपी धावत येऊन तिला हात जोडी.

आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मुलगा गोव्याचा निघाला, सासष्टीतला. पहिल्या दिवशी तो इंग्रजीत बोलत होता. दुसऱ्या दिवशी आम्हां दोघींचे बोलणे त्याच्या कानावर पडले आणि त्याने एकदम कोंकणीच सुरू केली. पंचा घडी करून त्याचा हत्ती, हंस, माकड असे काहीबाही तो रोज पलंगावर बसवून जाई. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. घरी दीड वर्षाची मुलगी, जिला त्याने आतापर्यंत एकूण चार महिने पाहिलेली. हे सर्व आक्काने त्याच्याकडून दहा मिनिटांत काढून घेतले. जी माहिती काढायला मला वर्ष लागेल ती आक्का जिन्यात काढते.

गाइरांगरच्या फियोर्डात बोट शिरली तेव्हा मात्र आम्ही दोघी गप्प झालो. फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरून काढलेली दरी, जिच्यात नंतर समुद्र आत आला. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि त्यांवर जिथे शेळीने उभे राहू नये अशा जागी माणसांची घरे. आता ती ओस आहेत. त्यांतले स्कागेफ्लो नावाचे घर १९१६ साली सुटले. रांगती पोरे कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दाव्याने बांधून ठेवीत, असे सांगतात. समोरच 'सात बहिणी' नावाचे सात प्रपात. त्यांच्यासमोर पलीकडच्या कड्यावरून 'मागणी घालणारा' नावाचा एकटाच प्रपात कोसळतो. सातहीजणींनी त्याला नकार दिला म्हणून तो बाटलीकडे वळला, अशी गोष्ट. आक्का म्हणाली, "एका घरात सात उपवर, आणि एकीचंही जमेना? पत्रिकाच पाहत असणार." बोट इथेही मधेच उभी राहिली आणि किनाऱ्यावर न्यायला छोट्या होड्या आल्या. विजयदुर्गचा पडावच तो. फक्त आता कोणी झेलत नव्हते, दोन्ही हातांना धरून उतरवीत होते.

या देखण्या पाण्याला एक काळजी आहे. १९३४ च्या एप्रिलमध्ये जवळच्या ताफियोर्डात डोंगराचा कडा तुटून पाण्यात कोसळला आणि त्या लाटेने चाळीस माणसे नेली. आजही ओकर्नेस नावाच्या एका डोंगराची भेग रात्रंदिवस मोजत असतात. आणखी एक काळजी आमच्यासारख्यांनी आणलेली. आमच्या बोटीच्या धुराची. जागतिक वारशातल्या फियोर्डांत २०२६ पासून लहान बोटींना आणि २०३२ पासून मोठ्या बोटींना धूर ओकत येता येणार नाही, असा नियम नॉर्वेने केला आहे. म्हणजे आम्ही ज्या थाटात गेलो त्या थाटात जाणारे शेवटचेच काही, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे ६६ अंश ३३ कलांवर आर्क्टिक वर्तुळ लागले. तिथे दाढीवाला वरुणदेव डेकवर अवतरतो आणि प्रत्येकाच्या पाठीत बर्फाचे खडे सोडतो. मी सोडून घेतले. आक्का म्हणाली, "माझ्या पाठीत बर्फ घालणारा हा कोण?" खरे म्हणजे बर्फ सुखावह वाटावा असेच ते दिवस होते. त्या जुलैत उत्तर नॉर्वेत उष्म्याची अशी लाट होती की वर्तुळाच्या पलीकडच्या गावांतही पारा तीस अंशांच्या वर गेला. पुण्याहून उसने आणलेले दोन जाड कोट बॅगेत तसेच राहिले. रेनडिअर सावलीसाठी बोगद्यांच्या तोंडाशी उभे होते आणि मोटारींना वाट देत नव्हते, अगदी आपल्या गाईंसारखे.

आणि इथून पुढे संध्याकाळ झालीच नाही.

हे वाचायला गमतीचे वाटते. पहिल्या रात्री आम्हांलाही वाटले. अकरा वाजता आपल्याकडचे दुपारचे चार वाजावेत असे ऊन. लोक डेकवर खुर्च्या टाकून वाचताहेत. बारा वाजता एक जर्मन आजोबा टोपी घालून चालायला निघालेले. पण तिसऱ्या दिवशी माझे मला कळेना की मला काय होते आहे. अंगात काम शिल्लक राहिल्यासारखे वाटे. आमच्या घरात दिवस कसा संपतो? दिवे लागतात, मुले आत येतात, पाने मांडली जातात, मागचे आवरले जाते, ओट्यावर शेवटचे फडके फिरते. त्या फडक्याबरोबर दिवस पुसला जातो. इथे तो पुसलाच जात नव्हता. मी जाड पडदे ओढून, वर डोळ्यांवर ओढणी बांधून निजे. आणि माझ्या शेजारच्या पलंगावर, आपल्या बाजूचा पडदा सताड उघडा टाकून, तोंडावर ऊन घेऊन, आक्का घोरत असे. तीन वर्षांत ती अशी झोपली नव्हती. तिला संध्याकाळ भेटायलाच येत नव्हती ना!

२४ जुलैला आम्ही होनिंग्सव्होगला लागलो. मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने १९४४ साली हे गाव जाळले. उभे राहिले ते एक चर्च तेवढे, आणि परतलेली माणसे आधी त्या चर्चमध्येच राहिली. गावातल्या एका दुकानात आक्काने विचारले, "इथे सूर्य मावळत नाही, मग तुम्ही दिवे लावता तरी कधी?" मी इंग्रजी केले. दुकानातली मुलगी हसली. म्हणाली, नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य जातो तो जानेवारीत दोन महिन्यांनी उगवतो. तेव्हा आम्ही प्रत्येक खिडकीत दिवा ठेवतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. आक्काने ते दोनदा विचारून घेतले. "प्रत्येक खिडकीत?" प्रत्येक खिडकीत.

त्या दिवशी आपल्याकडे दिव्याची अवस होती. आक्काने चांदीचे निरांजन, वाती आणि तुपाची इवलीशी बाटली घरूनच आणली होती. पण बोटीवर ज्योत पेटवायला सक्त मनाई. समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नाही. काड्यापेटी तर चढतानाच काढून घेतली होती. आणि वेळ कोणती धरायची? इथे सांज नाही. शेवटी आक्काने निकाल दिला की वेळ घरची धरायची. मुंबईत सव्वासात म्हणजे इथे दुपारचे पावणेचार.

गोव्याच्या मुलाला तिने आपली अडचण सांगितली. तो गेला आणि जेवणघरातल्या टेबलांवर असतात तसले बॅटरीचे तीन प्लॅस्टिकचे दिवे घेऊन आला, हुबेहूब मेणबत्तीसारखे लुकलुकणारे. पावणेचारला, भगभगीत उन्हात, केबिनच्या छोट्या टेबलावर ते मांडले. मधे रिकामे निरांजन. नैवेद्याला केक चालला असता पण त्यात अंडे, म्हणून चहाच्या साखरेच्या तीन पुड्या. आक्काने प्लॅस्टिकच्या दिव्यांना हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले. तो मुलगा दाराशी उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला की त्यांच्याकडेही हीच वेळ. देवळाची, म्हणजे इगर्जीची, घंटा झाली की घरातली सगळी खुर्साकडे तोंड करून तेर्स म्हणतात. आता त्याची आई आणि मुलगी बसल्या असतील.

"मग तुला इथे रात्र कशी कळते रे?" आक्काने विचारले.

"बाय, आमची रात सकयल," तो म्हणाला. सकयल म्हणजे खाली. पाण्याच्या पातळीखाली त्यांच्या खोल्या, एकीलाही खिडकी नाही. उत्तर टोकाला तो पाच वेळा आला होता. मध्यरात्रीचा सूर्य त्याने पाहिला होता तो जेवणघराच्या खिडकीतून, ट्रे हातात असताना. मग तो ढकलगाडी घेऊन पुढच्या केबिनला गेला. साखरेची एक पुडी आक्काने त्याच्या खिशात घातली.

रात्री दहाला बसने आम्हांला उत्तर टोकावर नेले. ७१ अंश १० कला, खाली ३०७ मीटरचा कडा. खरे पाहता शेजारचेच एक ठेंगणे टोक आणखी थोडे उत्तरेला आहे, आणि हे सगळेच एका बेटावर आहे. पण कड्याचा डौल ठेंगण्याला कुठला? सयामचा राजा चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये इथे आला होता. त्याचे छोटे संग्रहालयच आतल्या बोगद्यात आहे. आम्ही लोखंडी पृथ्वीगोलाजवळ उभ्या राहिलो. सूर्य अगदी बाराला नव्हे, तर बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी सर्वांत खाली आला. समुद्रावर दोन बोटे राहिला आणि पुन्हा चढू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूर्याला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

भावोजी शाळेत संस्कृत शिकवीत. लोकमान्यांचे १९०३ सालचे 'आर्क्टिक होम इन द वेदाज' त्यांच्या उशाशी असे. वेदांतली ती दिवसेंदिवस रेंगाळणारी उषा उत्तर ध्रुवाकडचीच, असे टिळकांनी मांडले. विद्वानांनी ते पुढे मानले नाही आणि भावोजींनी विद्वानांना मानले नाही. दरवर्षी दहावीच्या वर्गाला ते एक तास त्यावर घालवीत. आक्का कितीतरी वेळ सूर्याकडे पाहत उभी होती. मग म्हणाली, "पण अगं, हा मावळलाच नाही. मग उषा कुठून व्हायची? ती पाहायला यांना भर काळोखात यावं लागलं असतं." त्या कड्यावर, तीन वर्षांत प्रथम, ती त्यांच्याविषयी अशी बोलली, जसे ते मागे बसमध्ये बसले आहेत.

येताना लोफोटेन बेटांवर थांबलो. तिथे कॉड मासे वाळत घालायचे लाकडी मांडव आहेत, बोंबलाच्या मांडवांसारखे. मासे वाळतात फेब्रुवारी ते मे. जुलैत मांडव रिकामे होते. वास मात्र होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि भाऊच्या धक्क्यावर जाऊन आलो.

बोट दक्षिणेकडे वळली तशी रात्र चोरपावलांनी परत येऊ लागली. आधी थोडा धुरकटपणा, मग तासभर राखी उजेड. आक्का पुन्हा दोन-दोनदा उठू लागली. बर्गेनला पोहोचलो त्या दिवशी बोट रात्री अकराला सुटणार होती. साडेदहा वाजले आणि आकाश निळे-जांभळे झाले. मी मनात म्हटले, आता ही आत जाणार, सगळे दिवे लावणार. ती डेकवरून उठली नाही. समोर ब्रिग्गेनची ती जुनी लाकडी, निमुळत्या छपरांची घरे. त्यांच्या मागच्या टेकडीवर एक दिवा लागला. मग दुसरा. मग मोजता येईनात.

"त्या दिवशी मी देवाला दिवा लावायला आत गेले होते," आक्का म्हणाली. "वात नीट बसेना. दोन मिनिटं जास्त लागली असतील. यांनी हाक मारली असेल का गं?"

मी काही बोलले नाही. तिचा हात हातात घेतला. हे तिने मुलाला सांगितले नव्हते, मलाही नाही. तीन वर्षे ती रोज त्या दोन मिनिटांतून उठून आमच्याकडे येत होती.

बराच वेळ गेला. खाली दोर सुटले, भोंगा झाला. "तिकडे किती वाजले?" तिने विचारले. अडीच होऊन गेले होते. "मग झोपू या."

केबिनमध्ये त्या मुलाने पंचाचा मोर करून ठेवला होता आणि रिकामे निरांजन पुसून मोराच्या पुढ्यात. आक्काने ते उचलून बॅगेत ठेवले. मग मी पलंगावर पडले तर तिने आपल्या हाताने विजेचे दिवे एकेक करून बंद केले. बाहेर खरोखरीचा अंधार होता.

"पडदा ओढू का?" मी विचारले.

"असू दे उघडा," ती म्हणाली.